नात्याचा रकाना

मुलीनं चिठ्ठी काउंटरवर पालथी ठेवली आणि एका बोटानं पुढे सरकवली. काउंटरमागच्या बाईंनी ती उलटून वाचली आणि पुन्हा पालथी केली. वहीच्या कोपऱ्यातून फाडलेला कागद, त्यावर नीटनेटक्या शाळकरी अक्षरात एका गोळीचं नाव.

"कोणासाठी?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"माझ्यासाठी."

बावीस वर्षं औषधं देताना बाईंनी या प्रश्नाची हरतऱ्हेची उत्तरं ऐकली होती. मैत्रिणीसाठी, वहिनीसाठी, शेजारच्या ताईसाठी. 'माझ्यासाठी' हे त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. मुलीचे केस ओले होते, मागे घट्ट बांधलेले. डोळ्यांभोवती पोहण्याच्या चष्म्याचे गोल वळ होते आणि अंगाला तलावाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा वास येत होता. वय विचारायची गरज नव्हती. दप्तराला शाळेचं ओळखपत्र लटकत होतं.

"किती वेळ झाला?"

"छप्पन्न तास," मुलगी म्हणाली आणि मनगटावरचं घड्याळ बघून तिनं भर घातली, "आणि दहा मिनिटं."

गोळी बहात्तर तासांच्या आत घ्यायची असते आणि जितका उशीर तितकी ती कमी लागू पडते, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. मिनिटं मोजायची सवय होती तिला. बाई फडताळाकडे वळल्या.

"काय पाहिजे तिला?" मागून आवाज आला.

मालक टेबलाशी बसून गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या कोपऱ्यानं दात कोरत होते. जेवणानंतर तासभर त्यांचा हा उद्योग चालायचा.

"काही नाही. मी बघते," बाई म्हणाल्या.

पण मालकांनी हात लांबवून चिठ्ठी उचललीच आणि मोठ्यानं वाचली. नुसतं नावच नव्हे, कशाची गोळी तेही सांगितलं, म्हणजे खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या आजोबांना कळायला अडचण पडायला नको. आजोबांनी मुलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग खालपासून वरपर्यंत. मुलगी जागची हलली नाही. फक्त तिच्या मानेवरची लाली कानापर्यंत चढत गेली.

"वही काढा, बाई," मालक म्हणाले.

ही वही म्हणजे मालकांचा मोठा अभिमान. तारीख, वेळ, मुलीचं नाव, वय, पालकाची सही, नाते, आणि शेवटी औषध देणाऱ्याची सही. अठराच्या आतल्या मुलीला ही गोळी पालकाच्या सहीशिवाय द्यायची नाही, असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. मालकांच्या डोक्यात लिहिलेलं होतं. मागे कधी तरी कुणाचा तरी बाप दारात येऊन दोन बरण्या फोडून गेला, तेव्हापासून हे सुरू झालं. मालक वहीला 'आपलं कुंपण' म्हणत. याच गोळीची पाकिटं संध्याकाळी ते पुरुषांना खालच्या खणातून काढून देत, ना नाव, ना वय, ना नाते, वर एक डोळा बारीक करून "मजा आहे बुवा तुमची" असं म्हणत. तेव्हा हे कुंपण कुठं चरायला जायचं कोण जाणे. गोळी तीच, दुकान तेच, आणि दिवसा नाकानं कांदे सोलणारा माणूसही तोच. बाईंना रोज त्याची शिसारी यायची आणि रोज त्या वेळेवर कामावर यायच्या.

"पालक घेऊन ये," मालक मुलीला म्हणाले. "भाजी नव्हे हं, घरचा!"

आजोबांना हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. मालकांनी दातातून निघालेलं काहीसं बोटानं टिचकी मारून उडवलं. ते काउंटरच्या काचेवर पडलं, मुलीच्या हातापासून वीतभर अंतरावर. मुलीनं हात मागे घेतला.

"आईला नाही सांगता येणार, काकू," ती फक्त बाईंकडे बघून म्हणाली.

"मारेल?"

"नाही. पोहणं बंद करेल. पुढच्या महिन्यात निवड आहे."

बाईंच्या घरी चौदा वर्षांची मुलगी होती. तिचं काही असं झालं तर मला कळायला नको? हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच, आणि तो खोटा नव्हता. पोहणं बंद होईल म्हणून आईपासून लपवायचं, हे त्यांना फारच पोरकट वाटलं. मालक समोर होते. दुकानातल्या नोकऱ्या काही झाडाला लागत नव्हत्या. बाईंनी आवाज होईल तितका मऊ केला.

"हे बघ बाळा, आई नको तर नको. दुसरं कोणी तरी मोठं माणूस आण. जवळचं, विश्वासातलं. एक सही फक्त. मी गोळी काढून ठेवते तुझ्यासाठी."

काही तरी बोलायला मुलीनं तोंड उघडलं, मग मालकांकडे पाहून मिटलं. चिठ्ठी तिनं परत घेतली, चार घड्या करून मुठीत धरली आणि ती पायऱ्या उतरून गेली. बाईंना आपण बरं बोललो असं वाटलं. कुणाला न दुखावता वाट काढली, असंही वाटलं. त्यांनी काच पुसली.

पाऊण तासानं मुलगी परत आली. बरोबर एक माणूस होता. चाळिशीचा, अंगानं घोटीव, इस्त्रीचा पांढरा टी-शर्ट, केस नीट विंचरलेले. पायऱ्या चढताना त्यानं मुलीला पुढे घातलं होतं.

"नमस्कार. मी हिचा मामा," तो म्हणाला. "थोडी घाबरली आहे पोर. चुका होतात या वयात."

मालक खुर्चीतून अर्धे उठले. "बसा ना, बसा."

"नको, ठीक आहे. मी ओरडलो नाही हिला. ओरडलं की मुलं लपवतात. घरातल्या मोठ्यांनी विश्वास द्यायला पाहिजे, नाही का?"

"लाख बोललात!" मालक म्हणाले. "असे मामा सगळ्यांना मिळोत. नाही तर हल्ली आईबापांना पोरं कुठं जातात याचा पत्ता नसतो."

आजोबा औषध घेऊनही अजून वजनकाट्याला टेकून उभे होते. त्यांनीही मान डोलावली. अशा गोष्टी अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांतले ते नव्हते.

बाईंना सुटल्यासारखं झालं. त्यांनी वही उघडून त्या माणसासमोर फिरवली. त्यानं सगळे रकाने भराभर भरले, कुठे काय लिहायचं हे न विचारता. सही केली आणि पेन परत दिलं. पेन घेताना त्याच्या बोटांचा वास बाईंच्या नाकात गेला. साबण, आणि साबणाखाली क्लोरीन. मुलीच्या केसांना होता तोच.

असेल. मामा भाचीला पोहायला सोडत असेल. बाईंनी आपल्या रकान्यात सही करायला वही ओढली आणि त्यांचं लक्ष नात्याच्या रकान्याकडे गेलं. 'मामा'.

डॉक्टरांची अक्षरं लावणं हे बाईंचं आयुष्य होतं. गावभरच्या डॉक्टरांचं मुंगीच्या पायाचं अक्षर त्या लांबून ओळखायच्या, कोण घाईत लिहितो, कोण दुपारी पेंगत लिहितो हेसुद्धा सांगायच्या. हे अक्षर कुठल्या डॉक्टरचं नव्हतं, तरी त्यांनी ते पाहिलेलं होतं. अक्षरांवर रेघ नव्हती, आणि प्रत्येक काना खाली येऊन छत्रीच्या मुठीसारखा वळला होता.

त्यांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. सात पानं मागे, दुसऱ्याच मुलीच्या नावापुढे, वळलेल्या कान्यांचा 'काका'. त्याच्याही मागे, वहीच्या सुरुवातीला, तिसऱ्या मुलीपुढे 'वडील', त्यालाही रेघ नाही, आणि वेलांटीचा दांडाही तसाच वळलेला. दोन्ही ओळींच्या टोकाला औषध देणाऱ्याची सही होती. ती बाईंची होती.

हा रकाना त्यांनी आजवर कधी वाचलाच नव्हता. चिठ्ठीतलं प्रत्येक अक्षर दोनदा वाचायचं आणि सही मात्र आहे की नाही एवढंच बघायचं, अशी त्यांची कामाची रीत. सही असली की झालं; ती करणाऱ्याचा चेहराही त्यांच्या लक्षात राहत नसे. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथे कुंपणाला दरवाजा ठेवून त्याची किल्लीही याच माणसाच्या हातात दिली होती, वर बसायला खुर्चीही दिली होती.

"काही राहिलं का?" त्या माणसानं विचारलं. त्यानं मुलीच्या मानेवर हात ठेवला होता, मांजराच्या पिल्लाला धरतात तसा. "आटप, मासोळी. पाणी घे आणि चल."

बाईंनी वही मिटली.

"गोळी इथंच घ्यावी लागेल. आमच्यासमोर," त्या म्हणाल्या. "पाणी आत आहे. तिला आत पाठवा."

मालकांनी वर पाहिलं. "हे कधीपासून?"

"नियम आहे. घरी नेऊन टाकून देतात मुली. मग आपल्या गळ्याशी येतं."

नियम हा शब्द ऐकला की मालकांचा चेहरा गूळ चाटल्यासारखा व्हायचा. "बरोबर," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"मीही येतो आत," तो माणूस म्हणाला.

"आत इंजेक्शनांचा फ्रीज आहे. बाहेरच्या माणसाला मनाई."

हासुद्धा नियम नव्हता. पण मालकांनी गंभीरपणे मान हलवली आणि त्या माणसाला पुन्हा खुर्ची दाखवली.

मागची खोली म्हणजे खोक्यांच्या दोन भिंतींमधली बोळ होती. एक फ्रीज, एक मोरी आणि दाराला खाकी पडदा. बाईंनी पेला विसळून भरला, पाकीट फाडलं आणि गोळी मुलीच्या तळहातावर ठेवली. आधी गोळी, मग बोलणं, एवढं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. मुलीनं गोळी तोंडात टाकली, सगळं पाणी एका दमात प्यायली आणि घड्याळात पाहिलं.

"सत्तावन्न तास," ती म्हणाली. "चालेल ना?"

"चालेल. हे तुझे सख्खे मामा?"

मुलगी रिकाम्या पेल्यात बघत राहिली.

"आईचे भाऊ आहेत का?"

"सर आहेत. आमचे पोहण्याचे."

"आणि त्यांना का आणलंस तू?"

मुलीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत रडू नव्हतं. असलाच तर थोडा राग होता, आणि तो बाईंवर होता.

"तुम्हीच म्हणालात ना, मोठं माणूस आण. घरी सांगता येत नाही. मग कोणाला आणणार? त्यांना तर मी सांगणारच नव्हते. त्यांना कळू नये म्हणूनच एकटी आले होते मी."

आपलाच मघाचा मऊ आवाज बाईंना ऐकू आला. बाळा. जवळचं, विश्वासातलं. असला गोडवा मालकांच्या दातकोरणीपेक्षा घाणेरडा, असं त्यांना वाटलं.

"चिडले का ते?"

"नाही. म्हणाले, शहाणी आहेस, माझ्याकडेच आलीस." मुलीनं पेला पालथा करून मोरीवर ठेवला. "मासोळी ते फक्त मलाच म्हणतात."

"गोळी ज्याच्यामुळे घ्यावी लागली..." बाईंनी सुरुवात केली.

मुलीनं पडद्याकडे पाहिलं. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. त्याच्या खाली पांढऱ्या बुटांची जोडी दिसत होती, टोकं आतल्या बाजूला केलेली.

बाईंनी पुढे होऊन पडदा सर्रकन ओढला. तो माणूस एक पाऊल मागे सरकला आणि हसला.

"झालं?"

"गोळी घेतली. पण उलटी झाली तर वाया जाते. दोन तास बसवून ठेवावं लागेल तिला इथे."

"दोन तास? माझी पाचची..." तो मध्येच थांबला. त्यानं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग काउंटरवरच्या वहीकडे पाहिलं. वही मिटलेली होती आणि त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर होती. बाई त्याच्या आणि वहीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"मी येतो मग नंतर," तो म्हणाला. मालकांना त्यानं नमस्कार केला. आजोबांनाही केला. पायऱ्या उतरताना त्यानं घाई केली नाही. रस्त्यावर पोचल्यावर मात्र तो पळाल्यासारखा चालू लागला.

"भला माणूस," मालक म्हणाले.

बाईंनी वही त्यांच्यासमोर उघडून तीन ठिकाणी बोट ठेवलं. "वाचा. 'मामा'. 'काका'. 'वडील'. अक्षर एकच आहे. मुली तीन."

मालकांनी चष्मा लावला. आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं, तसा त्यांच्या ओठांवरचा गूळ उतरला. आजोबा बघायला पुढे सरसावले, तेव्हा मालक त्यांच्यावर खेकसले, "तुमचं औषध मिळालं ना? मग निघा!" आजोबा नाइलाजानं गेले.

"आतली मुलगी सांगते, तिचे पोहण्याचे सर आहेत ते," बाई म्हणाल्या. "पोलिसांना कळवायला पाहिजे."

"वेड लागलंय? हे दुकान आहे." मालकांचा आवाज एकदम खाली आला. मघाशी चिठ्ठी वाचताना तो असा उतरला असता तर बरं झालं असतं. "पानं फाडा ती."

"काय?"

"तीन पानं जातील, दुसरं काही नाही. आपण सही बघितली, गोळी दिली. आपला काय संबंध? आणि जरा नीट बघा, बाई. शेवटच्या रकान्यात कोणाची सही आहे? तिन्ही ठिकाणी? परवाना तुमच्या नावावर आहे, माझ्या नाही."

बाईंनी पाहिलं. पहिल्या दोन ओळींत त्यांची सही होती, वळणदार, झोकात केलेली. तिसरीची जागा अजून रिकामी होती. क्षणभर, अगदी क्षणभरच, त्यांना ती पानं फाटलेली दिसली. मोरीत भिजवून, गोळा करून टाकलेली. आपला परवाना, आपला पगार, चौदा वर्षांच्या आपल्या मुलीची फी, हे सगळं मनात आधी आलं आणि आत बसलेली मुलगी मागून आली. त्यांना स्वतःची किळस आली. पाल अंगावर पडावी तशी झटकायला गेलं तर हाताला काहीच लागेना, अशी.

मालकांनी वही ओढली. बाईंनी दुसरं टोक धरलं. दोन वयस्कर माणसं काउंटरवरून एका वहीसाठी झोंबाझोंबी करत होती आणि शिवणीचा दोरा तटतट तुटत होता.

"सोडा! वही माझी आहे," मालक म्हणाले.

"माझी सही आहे ना तिच्यात? मग माझीसुद्धा आहे."

वही बाईंच्या हातात आली. त्यांनी ती काउंटरवर ठेवून दोन्ही हातांनी दाबून धरली आणि पेन घेऊन आजच्या ओळीत तिसऱ्यांदा सही केली, आधीच्या दोन्हींसारखीच. मालक तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"काकू, त्या दोघी कोण?"

मुलगी पडदा बाजूला करून उभी होती. किती वेळ ते कुणालाच माहीत नव्हतं. बाईंना वही मिटावीशी वाटली, पण आजवर इतकं लपवून झालं होतं की आणखी एक पान लपवायला हात उचलेना. मुलगी जवळ आली. उलट्या बाजूनंच तिनं पानं मागे उलटून एक नाव वाचलं, मग आणखी मागे जाऊन दुसरं वाचलं.

"ही आमच्यात अजून येते," एका नावावर बोट ठेवून ती म्हणाली. "पाचच्या बॅचला."

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते.

"आणि ही?" बाईंनी विचारलं.

"ही सगळ्यांत फास्ट होती. गेल्या वर्षी सोडलं तिनं. कान फुटला म्हणाली, पाण्यात जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय." मुलगी त्या नावाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांभोवतीचे वळ आता उतरत आले होते. "सर म्हणाले, नाटकं करते. आम्ही सगळ्या हसलो होतो तिला."

"आईला फोन लावू तुझ्या?" बाई म्हणाल्या. "तुझी हरकत नसेल तर. मी बोलते. की आधी पोलिसांना लावू?"

दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून मुलीनं आपला मोबाइल काढला, बराच वेळ खाली सरकवत एक नाव शोधलं आणि फोन कानाला लावला. मालक काही तरी बोलू लागले, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"हॅलो. मी बोलतेय, क्लबातली," मुलगी म्हणाली. "फोन ठेवू नकोस. एकच विचारायचंय." तिनं एकदा श्वास घेतला. "तुझा कान खरंच फुटला होता का?"

मुलगी फोन कानाशी धरून उभी राहिली.